माझ्या बॅगेतले तेवीस किलो

तिकिटावर दोन आकडे होते. मोठी बॅग तेवीस किलो, हातातली सात किलो. ते मी घरी जेवताना वाचून दाखवले, आणि सासूबाई पहिलं काय म्हणाल्या, तर, "मग त्याचं सामान कशात घालायचं?"

'तो' म्हणजे माझा धाकटा दीर. नऊ वर्षं झाली, जर्मनीत असतो. मी ज्या गावी वर्षभरासाठी जाणार होते, तिथून त्याचं घर रेल्वेनं दोन तासांवर होतं. माझं जाणं ठरून तेव्हा तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत, तू तिथे काय काम करणार, कुठे राहणार, तुला काय काय लागेल, हे घरातल्या कुणीही मला विचारलं नव्हतं. आता प्रश्न आला तो हा.

मी रोह्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. माल बाहेर पडण्याआधी त्याची तपासणी करायची, हे माझं काम. चौदा वर्षं तेच करतेय. कंपनीची मोठी प्रयोगशाळा जर्मनीत आहे. तिथे वर्षभर राहून नव्या पद्धती शिकायच्या आणि परत येऊन इथे बसवायच्या, यासाठी आमच्याकडून एकच माणूस जाणार होता. नाव माझं आलं. मुलगी नुकतीच पुण्याला वसतिगृहात गेली होती, म्हणून मी हो म्हणू शकले. नवरा रोह्यातच शिक्षक आहे. सासरे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. गावाकडे भातशेती आहे, ती कसायला दिलेली. आम्ही रोह्याला लागून वरसे गावात राहतो. शिकलेलं, समजूतदार घर. बाहेरचे सगळे तसंच म्हणतात, आणि बऱ्याच बाबतींत ते खरंही आहे.

माझ्या कामात वजनाला फार मान आहे. आमच्या काट्यावर दशांशानंतर चार आकडे येतात. शेजारी कुणी दार आपटलं तरी शेवटचा आकडा हलतो, म्हणून काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. एवढ्याशा फरकावरून मी अख्खा माल थांबवला आहे आणि त्यासाठी वरिष्ठांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. अशा बाईला घरची माणसं सांगत होती, की किलो-दोन किलो इकडेतिकडे सोडतात. कोण सोडतात, ते कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांच्या एका मित्राच्या मुलाला कधीतरी सोडलं होतं म्हणे.

मी हुकाचा वजनकाटा मागवला. तो प्रयोगशाळेत नेऊन आमच्या प्रमाणित वजनांवर तपासून घेतला. दहा किलोला दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता. मी तसं मार्करनं त्याच्यावर लिहून ठेवलं. नवऱ्यानं ते वाचलं आणि हसला. "बॅग भरायचीय, औषध बनवायचं नाय," असं म्हणाला. मी पण हसले तेव्हा. ते हसणं आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

माझी यादी लांब नव्हती. थंडीचे कपडे. पनवेलहून आणलेले जाड तळव्यांचे बूट. छोटा कुकर. आणि माझ्या पाच वह्या. या वह्यांबद्दल सांगायला हवं. कुठल्या चाचणीत हात कुठे चुकतो, कुठल्या ऋतूत कुठलं द्रावण दगा देतं, एखादा आकडा चुकीचा आला तर आधी कुठे बघायचं, असं सगळं चौदा वर्षं मी स्वतःसाठी लिहीत आले होते. छापील पुस्तकांत हे नसतं. परक्या प्रयोगशाळेत मी उभी राहणार ती या वह्यांच्या जोरावर, असं माझ्या मनात पक्कं होतं.

शिवाय एक तवा. तो मात्र मला मागावा लागला.

माझं माहेर पेणचं. वडील गेल्यापासून आई तिथे दोन खोल्यांत एकटी राहते. पापडांच्या घरगुती उद्योगात तिनं तीस वर्षं पीठ मळलं. आता मनगट दुखतं, म्हणून सोडलं. जाण्याआधी दोन आठवडे मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनंच आधी विषय काढला. माझ्याकडनं काय नेऊ नको, म्हणाली. वजन तुझं हाय, तुला लागतील त्या वस्तू ने. मी म्हटलं, मला तुझा भाकरीचा तवा हवाय. त्याच तव्यावर ती रोज स्वतःची भाकरी टाकत होती. नवा घेऊन देते, म्हणाली. मी म्हटलं, नव्यावर चिकटते. मग तिनं तवा चुलीच्या राखेनं घासला, तेल लावून कागदात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. मी काटा बरोबर नेला होता. एक किलो दोनशे ग्रॅम. आईला त्या काट्याची फार मजा वाटली. मग तिनं घरातल्या चार-पाच वस्तू उगाचच त्याला लटकवून बघितल्या.

इकडे वरशात दिराच्या सामानाचा ढीग वाढत होता. घरच्या शेतातला तांदूळ. कडवे वाल. पोह्याचे पापड, कोकम, लोणच्याची काचेची बरणी. त्यानं नवं घर घेतलं होतं, म्हणून एक पितळेची समई. सासूबाई एकेक वस्तू आणून समोरच्या खोलीत पलंगावर मांडत होत्या. संध्याकाळी कामावरून घरी आले की मला तो पलंग आधी दिसायचा.

शेवटी मी सगळ्यांसमोर बसून हिशोब मांडला. माझं सामान साडेएकोणीस किलोच्या आसपास जात होतं. दिरासाठी तीन किलो देते, म्हटलं. काय घालायचं ते तुम्ही ठरवा, पण तीन किलो. सासऱ्यांनी मान डोलावली आणि डायरीत लिहूनसुद्धा घेतलं. सासूबाईंनी विचारलं, तीन किलोत काय येतं. मी म्हटलं, वाल येतील, पापड येतील, थोडं कोकम येईल. समई येणार नाही आणि तांदूळ तर नाहीच. तांदूळ तिकडे दुकानात मिळतो.

"दुकानातला मिळतो गो," त्या म्हणाल्या. "आपला मिळतो काय?"

मी हिशोबाचा कागद सासऱ्यांच्या डायरीशेजारी ठेवला आणि उठले.

एवढ्यात बातमी गल्लीत पसरली. समोरच्या काकूंना त्यांच्या भाचीसाठी मसाल्याचं पाकीट द्यायचं होतं. कामावरच्या एकाला मेहुण्यासाठी कुठलंसं चूर्ण पाठवायचं होतं. एकच पाकीट, त्याला काय वजन, असं प्रत्येकाचं म्हणणं. मी प्रत्येक पाकीट त्यांच्यासमोर काट्याला लावलं. कुठलंही अर्ध्या किलोच्या आत नव्हतं. मी सगळ्यांना नाही म्हटलं. परदेशी जाण्याआधीच हिला वारं लागलं, असं कुणीतरी नवऱ्याला बोलून दाखवलं, आणि तो ते घरी येऊन मला सांगत बसला. तुम्ही त्यांना काय म्हणालात, हे मी विचारलं नाही. तो काही म्हणाला नसणार, हे मला माहीत होतं.

निघायच्या दोन दिवस आधी मी बॅग भरली. कबूल केलेले तीन किलो त्यात होते. काट्याची चूक धरून बावीस किलो सहाशे ग्रॅम. हातातले सात किलो कंपनीचा लॅपटॉप आणि कागदपत्रांतच संपले होते. आकड्यांचं कुलूप लावलं, आकडा नवऱ्यालाही ठाऊक असलेला नेहमीचाच, आणि बॅग भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आईला भेटायला पेणला गेले. दिवसभर तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, दुपारी वालाचं बिरडं केलं. संध्याकाळी परतले तेव्हा बॅग होती तिथेच होती, कुलूप लावलेलं. त्या संध्याकाळी सासूबाई माझ्याशी बऱ्याच दिवसांनी नीट बोलल्या. मला बरं वाटलं. जायच्या आधी मन निवळलं यांचं, असं वाटलं.

विमान दुपारचं होतं. पहाटे भाड्याची गाडी आली. नवऱ्यानं मला बॅगेला हात लावू दिला नाही, मी ठेवतो म्हणाला. सासरेही सोडायला आले. वडखळला नेहमीसारखी कोंडी होती. तिथून पेण गेलं, पनवेल गेलं. विमानतळावर नवऱ्यानंच बॅग ढकलगाडीवर चढवली. आत फक्त प्रवाशाला सोडतात. सामान जाईपर्यंत तुम्ही थांबा, एवढं सांगून मी आत गेले.

काउंटरवरच्या मुलीनं बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. मी दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि ती उचलेना. मागच्या एका गृहस्थांनी हात लावला. पट्ट्यासमोर लाल आकडे उमटले. अठ्ठावीस पूर्णांक चार.

मी त्या मुलीला म्हटलं, तुमचा काटा चुकतोय. चौदा वर्षं वजनं करणारी बाई हे म्हणाली. मुलीनं शांतपणे शेजारच्या पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. तिथेही अठ्ठावीस पूर्णांक चार. जास्तीचे पैसे भरा किंवा सामान कमी करा, असं ती म्हणाली. मी बॅग बाजूला घेतली, फरशीवर आडवी पाडली आणि कुलूप उघडलं.

सगळ्यात वर समई होती. तिचे भाग सुटे करून, माझ्याच स्वेटरमध्ये गुंडाळलेले. खाली तांदळाच्या दोन पिशव्या, माझ्या कपड्यांच्या आत दडवलेल्या. वाल दुप्पट झाले होते. लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत घालून, माझ्या टॉवेलमध्ये बांधलेली. चकल्यांचा डबा, तो तर मी आधी पाहिलाही नव्हता. मी एकेक वस्तू बाहेर काढत होते आणि माझ्या वस्तू शोधत होते. बूट नव्हते. कुकर नव्हता. जाड जाकीट नव्हतं. वह्या नव्हत्या. तवा नव्हता.

आजूबाजूनं लोक ढकलगाड्या घेऊन जात होते. फरशीवर माझे आतले कपडे पडले होते, त्यांच्यात पितळेचं चकचकीत तबक. मी तशीच गुडघ्यांवर बसून नवऱ्याला फोन लावला.

"तुम्ही कुलूप उघडलंत?"

तो म्हणाला, "आईचं मन मोडवेना. दोन दिवस जेवली नव्हती नीट. बूट-बिट तिकडे मिळतात. मी मागनं पाठवणार होतो तुझं."

"वह्या?"

"त्या जड होत्या."

तेवढ्यावर माझ्यात काहीतरी तुटलं. जड होत्या. माझ्या वह्या जड होत्या, म्हणून त्यानं त्या काढल्या आणि तिथे समई ठेवली. आमच्याकडे बायका नवऱ्याला अहो-जाहोच करतात. मीही सतरा वर्षं कधी वेगळं बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तू गेटजवळ ये. आत्ता ये." आणि मी फोन ठेवला.

आत आलेल्या माणसाला तसं सहज बाहेर जाता येत नाही. काउंटरवरच्या मुलीला माझी दया आली असावी. तिनं मला दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या दिल्या, कुणाला तरी बोलावलं, माझ्याबरोबर गेटपर्यंत पाठवलं. तिथल्या शिपायानं वहीत नोंद केली आणि दोन्ही पिशव्या उघडून बघितल्या. दिराचं म्हणून जे जे होतं ते सगळं मी त्यांत भरलं होतं. कबूल केलेले तीन किलोही. ते काढताना माझा हात अडखळला होता, हे मी लपवत नाही. शब्द मी दिला होता. पण ज्या बॅगेतून माझ्या वह्या गेल्या, तिच्यात त्यांचा एक पापडसुद्धा जाऊ द्यायचा नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. आजही विचार केला तर तसंच वाटतं.

गेटच्या पलीकडे नवरा आणि सासरे उभे होते. मी पिशव्या पुढे सरकवल्या. नवऱ्यानं खाली बघत त्या घेतल्या. सासरे म्हणाले, "एवढ्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. "एवढ्यासाठीच."

वळून आत आले. निरोप असा झाला. वर्षभरासाठी जात होते मी.

बॅग पुन्हा पट्ट्यावर ठेवली. साडेअकरा किलो. मुलीनं आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तेवीस चालतात तुम्हाला," ती म्हणाली. तिला वाटलं, मी घाबरून जास्तच काढलं. मी मान हलवली. काय सांगणार तिला? माझ्या हक्काचं अर्धं वजन वरशातल्या घरी पडलंय, हे सांगायला लाज वाटली. माझी काही चूक नसताना मलाच लाज वाटली, त्याचाही राग आला.

विमानात मी झोपले नाही, रडलेही नाही. मागची सतरा वर्षं डोळ्यांपुढे येत होती. कुठेही जायचं झालं की बॅग मी भरायची. नवऱ्याचे शर्ट, सासऱ्यांच्या गोळ्या, सासूबाईंची जपाची पिशवी, मुलीची पुस्तकं. सगळं बसवून उरलेल्या फटीत माझी एक साडी. तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं. पहिल्यांदाच एक बॅग पूर्ण माझी होती, आणि तीही त्यांनी मी पेणला आईजवळ बसलेली असताना उघडली.

तिकडचे पहिले दिवस फार वाईट गेले. थंडी सुरू झाली होती. जाकीट नाही, बूट नाहीत. पहिला पगार हातात यायच्या आत ते विकत घ्यावे लागले. ते निभावलं. वह्यांचं मात्र निभावेना. पहिल्याच आठवड्यात एक चाचणी माझ्याकडून तीनदा बिघडली. यावर काय करायचं ते मी पूर्वी लिहून ठेवलेलं होतं. पान कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा आठवत होतं, मजकूर आठवत नव्हता. तिथली प्रमुख बाई चांगली होती, रागावली नाही. पण तिनं ते काम दुसऱ्या मुलाकडे दिलं. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन उभ्यानंच पाव खाल्ला आणि तीन दिवस घरचा फोन उचलला नाही.

वह्या कशा मिळाल्या, ते मला आईकडून कळलं. नवरा तवा परत करायला पेणला गेला होता. परत करण्याची बुद्धी कशी झाली, देव जाणे. घरात ठेवायला अवघड वाटत असणार. आईनं दार उघडलं, हातातला तवा बघितला आणि तिला सगळं समजलं. तिनं त्याला बसवलं, चहा दिला. तो आपणहूनच सांगू लागला, आईचं मन, घरातली परिस्थिती. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "माझा तवा आणलात, बरं केलंत. आता तिच्या वह्या पाठवा. नाय जमलं तर मला सांगा, मी बघते."

माझी आई जावयाशी कधी असं बोललेली नाही. तो घरी गेला आणि त्यानं वह्यांच्या पानांचे फोटो काढायला सुरुवात केली. पाच वह्या. तीन आठवडे लागले त्याला. रोज तीस-चाळीस पानं मला येत. काही पानांवर त्याचा अंगठा आलेला असे, काही वाकडी असत, ती मी परत मागवत असे आणि तो निमूटपणे परत पाठवत असे. बरोबर एक शब्द नसे. माफी नाही, चौकशी नाही, नुसती पानं. मीही 'मिळाली' एवढंच लिहीत असे. कामावर मात्र माझा हात पुन्हा बसला. दोन महिन्यांत ती चाचणी परत माझ्याकडे आली.

सासूबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

दिराकडे मी महिन्याभरानं गेले. तो स्टेशनवर घ्यायला आला होता. घडलेलं त्याला अर्धवट माहीत होतं. वहिनीनं सामान परत केलं, एवढंच. जेवण झाल्यावर मी त्याला आणि जावेला पहिल्यापासून सगळं सांगितलं. जाऊ ऐकता ऐकता उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं. खालच्या कप्प्यात दोन समया होत्या. वर तांदळाच्या न उघडलेल्या पिशव्या, वालाच्या पुड्या, कोकमाच्या बरण्या. वालांना कीड लागली होती. दर वेळी कुणी ना कुणी येतं आणि आणतं, ती म्हणाली. आम्ही दोघं, खाणार किती? शेवटी टाकून द्यावं लागतं.

मी बाहेर येऊन दिराला विचारलं, हे तू आईला कधी सांगितलंस? तो म्हणाला, सांगतो ना, नको म्हणून. पण जोर करत नाही, तिला वाईट वाटतं.

"तिला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्यांनी ओझी वाहायची?" मी विचारलं.

नऊ वर्षांत किती जणांच्या बॅगांतून हे आलं असेल, मी मोजायला लागले. कुणाकुणाचे बूट, कुणाची पुस्तकं मागे राहिली असतील. आणि हा माणूस गोड मुलगा म्हणून मिरवत होता, कपाटात कीड लागलेली. मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर फोन लाव आणि सांग. तो टाळू लागला. जावेनं फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं आईची तब्येत विचारली, हवापाणी विचारलं. मग म्हणाला, "आई, आता काय पाठवत जाऊ नको. विमानाचे वजनाचे नियम फार कडक झालेत."

मी तिथून उठले. माझं जाकीट घेतलं आणि मिळेल त्या गाडीनं परत आले. नियम कडक झाले नव्हते. पहिल्या दिवसापासून तेवीसच होते. पण त्यालाही खरं बोलता आलं नाही, आणि त्याच्यावरचा माझा राग नवऱ्यावरच्या रागापेक्षा कमी नव्हता.

वर्ष संपलं. काम चांगलं झालं, इतकं की आणखी सहा महिने राहाल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, मुलीसाठी. परत येताना माझ्या बॅगेत माझंच सामान होतं आणि मुलीसाठी आणलेलं काही. विमानतळावर फक्त मुलगी आली होती, पुण्याहून थेट. मीच तसं सांगितलं होतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी आणि सासूबाई दुपारी ओसरीवर वाल सोलत बसलो होतो. तोपर्यंत आमचं कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं. मी कपाटाची गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण सांगितली. कीड लागलेली, दोन समया, सगळं. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं. त्यांचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याला नको असतं. फोनवर आवाजावरनं कळतं."

"मग कशाला पाठवता?"

"काय पाठवलं नाय, तर त्याचा नि माझा संबंध काय राहिला? तो काय मागत नाय. काय सांगत नाय. निदान पोचलं म्हणून फोन तरी करतो."

त्या म्हाताऱ्या बाईची मला कीव आली, खरीच आली. त्या फोनसाठी त्यांनी काय काय केलं असेल, हे मला दिसलं. पण त्याबरोबर हेही दिसलं, की माझ्या वह्या काढताना त्यांना हे सगळं माहीत होतं. तो वापरणार नाही, हे माहीत असून त्यांनी माझ्या वस्तू काढायला लावल्या. कीव आणि राग दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात, आणि एकानं दुसरा कमी होत नाही.

"माझी बॅग उघडायला नको होती," मी म्हटलं.

"नको होती," त्या म्हणाल्या. वर न बघता, पण स्पष्ट म्हणाल्या.

या घरात ते वाक्य आजवर तेवढ्या एका माणसानं उच्चारलं आहे. नवऱ्यानं नाही, सासऱ्यांनी नाही, दिरानं तर नाहीच. म्हणून सासूबाईंशी आता माझं बरं चाललं आहे. त्या रविवारी दिराला फोन लावतात आणि कधी कधी मलाही बोलायला देतात. नवऱ्याशी संसार सुरू आहे. तो वाईट माणूस नाही, हे मी आईलाही सांगते. पण त्या दिवशी तोंडून गेलेलं 'तू' मी मागे घेतलं नाही. आता तसंच बोलते, चारचौघांतसुद्धा. सुरुवातीला सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. नवऱ्यानं मात्र त्यावर कधी काही म्हटलेलं नाही, आणि का म्हटलेलं नाही, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.